ज्या खाटेपाशी पाय अडखळतो

प्रश्न एका तरुण सर्जनचा आहे. एमएस होऊन चार वर्षं झाली आहेत. तीन महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढताना त्यांच्या हातून पित्ताची मुख्य नळी कापली गेली. रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवावं लागलं, तिथे दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली, रुग्ण वाचला. पण रोज रात्री तीच केस डोळ्यांसमोर येते, ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, हात थबकतो, आणि सीनियर मंडळी या विषयावर कधी तोंड उघडत नाहीत. त्यांनी विचारलंय, "याची सवय होते का? तुम्ही सगळे याचं काय करता?"

सवय होत नाही. मी २८ वर्षं जनरल सर्जरी करते आहे, त्यातली बावीस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पंधरा खाटांच्या स्वतःच्या रुग्णालयात. तुमच्या हातून जी नळी कापली गेली, तीच माझ्याही हातून कापली गेली आहे. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, आणि त्यात धीर देण्यापेक्षा प्रत्यक्ष काय करायचं हेच जास्त असेल.

आधी माझी केस सांगते.

२००९ साल. चव्वेचाळीस वर्षांच्या बाई, अंगणवाडीत काम करणाऱ्या. पित्ताशयात खडे, दुखणं अंगावर काढलेलं, माझ्याकडे आल्या तेव्हा सूज येऊन सहा दिवस झाले होते. दुर्बीण आत घातली तर पित्ताशय टम्म फुगलेलं, लालभडक, भोवती चरबीचा पडदा घट्ट चिकटलेला. कॅलोटच्या त्रिकोणात, म्हणजे जिथे नळी आणि रक्तवाहिनी नीट सोडवून मगच कापायची असते तिथे, काहीच उलगडत नव्हतं. चाळीस मिनिटं झाल्यावर भूलतज्ज्ञांनी पडद्यावरून डोकावून विचारलं, "मॅडम, ओपन करायचं का?" म्हणजे दुर्बीण सोडून पोट उघडायचं का. मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या."

त्या पाच मिनिटांत मला एक नळी दिसली. पित्ताशयातून निघालेली, बेताच्या जाडीची, अगदी जिथे असायला हवी तिथे. मी क्लिपा लावल्या, कापली. पुढचं सगळं सुरळीत झालं. ड्रेन, म्हणजे पोटात साठलेलं पाणी पिशवीत आणणारी नळी, ठेवला, बाहेर येऊन पित्ताशय आणि खडे डबीतून त्यांच्या नवऱ्याला दाखवले. ते हात जोडून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेनच्या पिशवीत तळाशी हिरवट-पिवळं पाणी होतं, साठेक मिली. मी पाहिलं. यकृताच्या खाचेतून थोडं पित्त झिरपतं कधी कधी, आपोआप थांबतं, असं मी सिस्टरना सांगितलं आणि मलाही सांगितलं. बाई म्हणाल्या, पोटात दुखतंय. मी म्हटलं, गॅस भरलेला असतो ना, त्याचं दुखणं आहे. संध्याकाळी पिशवीत दीडशे मिली होतं. संध्याकाळचा राऊंड मी आरएमओवर, म्हणजे निवासी डॉक्टरवर, सोडला. ओपीडीत गर्दी होती हे खरं, पण दहा मिनिटं काढता आली नसती इतकीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे पिवळे, नाडी एकशे दहा, पिशवीत चारशे. सिस्टर पिशवी रिकामी करता करता म्हणाल्या, "रात्री त्या दोनदा विचारत होत्या, डॉक्टरबाई येऊन गेल्या का म्हणून."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पुण्याला नेलं, एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय, केली. पित्ताची मुख्य नळी कापली गेली होती, तिलाच मी सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची कापायची छोटी नळी, समजले होते. आधी पोटातलं पित्त काढून जंतुसंसर्ग आटोक्यात आणला आणि सात आठवड्यांनी यकृतातून येणारी नळी आतड्याला जोडली.

तेव्हापासून आपल्या लोकांना ही गोष्ट सांगताना माझ्या एक लक्षात आलं. सगळे लगेच त्या पाच मिनिटांवर येतात. ओपन का नाही केलं? मीही कित्येक महिने तिथेच अडकले होते. रात्री तीन वाजता जाग यायची आणि भूलतज्ज्ञांचा आवाज ऐकू यायचा. दोन महिने मी दुर्बिणीतून एकही पित्ताशय काढलं नाही, येणारी प्रत्येक केस काहीतरी कारण सांगून पुढे पाठवली. रुग्णांना वाटायचं, बाई किती काळजी घेतात!

मग एक दिवस मी वहीत ओळ मारून पानाचे दोन भाग केले. डाव्या बाजूला वेळ आणि त्या वेळी मला काय दिसत होतं, काय माहीत होतं. उजव्या बाजूला जे नंतर कळलं ते. ही एवढी एकच गोष्ट तुम्ही आज रात्री कराल तर माझं उत्तर लिहिणं वाया गेलं नाही असं मी समजेन. कारण रात्री जो सिनेमा डोळ्यांपुढे चालतो, त्यात दोन्ही बाजू एकमेकींत मिसळलेल्या असतात. ही नळी कुठली आहे हे आज माहीत असलेली तुम्ही, त्या दिवशीच्या तुमच्याकडे बघता आणि ओरडता, "अगं, दिसत नाही का!" तेव्हा खरंच दिसत नव्हतं. निकाल कळल्यावर तो आधीपासूनच उघड होता असं माणसाला वाटतं, हे बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्येच प्रयोग करून दाखवलंय. आपल्या व्यवसायात हा भ्रम रोज जीव खातो.

याच नळीच्या बाबतीत एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नळी दुखावलेल्या २५२ केसेस एकेक करून तपासल्या. त्यातल्या ९७ टक्के केसेसमध्ये चुकीचं मूळ हाताच्या कौशल्यात नव्हतं. डोळ्याला भ्रम झाला होता. सर्जनला मुख्य नळी हीच सिस्टिक डक्ट म्हणून दिसत होती, आणि एकदा दिसल्यावर त्याची खात्री इतकी पक्की होती की विसंगत खुणाही त्याने आपल्या समजुतीत बसवून घेतल्या. मी ते वाचलं तेव्हा ओटीतल्या मला पहिल्यांदा माफ करता आलं. माझा हात कच्चा नव्हता, मी बेफिकीरही नव्हते. मी फसले होते.

पण वहीचं ते पान तिथे संपलं नाही. डाव्या बाजूला मी पुढे लिहीत गेले: दुसरा दिवस, सकाळी नऊ, पिशवीत पित्त. संध्याकाळी सहा, दीडशे मिली. इथे उजव्या बाजूला लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. जे नंतर कळायचं ते मला तेव्हाच कळलेलं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर चोवीस तासांत माणूस हसत उठून बसला नाही तर पित्त गळतंय असं धरून चालायचं, हे मी स्वतः रेसिडेंटना शिकवलेलं होतं. मग त्या संध्याकाळी मी त्या खाटेपाशी का गेले नाही? कारण पिशवीत काय आहे ते मला बघायचं नव्हतं.

इतके महिने मी चुकीच्या जागी रडत होते. टोचत होते ते चोवीस तास, आणि मी मात्र जखम पाच मिनिटांत शोधत होते.

आपल्या भाषेत यासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि ते आपण उगाच एकमेकांच्या जागी वापरतो. हळहळ वेगळी, रुखरुख वेगळी, टोचणी वेगळी. सर्जनने आपल्याला नेमकं काय होतंय ते ओळखायला शिकलं पाहिजे, कारण तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

हळहळ ज्या गोष्टी आपल्या हातात नव्हत्या त्यांची. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे दोन तासांनी पोचला, यकृत चिरलेलं, रक्तपेढी चाळीस किलोमीटरवर. पोट उघडून रक्त थांबवायला मी पॅकिंग केलं, रक्त पोचायच्या आधी तो गेला. त्याच्या आईचा आवाज माझ्या कानात अजून आहे. पण त्या केसमध्ये मी काही वेगळं करायला हवं होतं असं मला वाटत नाही. हळहळीला वेळ द्यावा लागतो आणि बोलायला माणूस लागतो. तिच्यात चूक शोधत बसलात तर पुढच्या अपघाताच्या केसला हात लावताना कचराल.

रुखरुखीबद्दल मात्र जास्त बोललं पाहिजे, कारण तिची नोंद कुठेच होत नाही. एक्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला, हृदय थकलेलं, मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलेली. तिन्ही मुलगे मुंबईहून रातोरात आले होते. "काहीही करा डॉक्टर, पैशाचं बघू नका." मला ठाऊक होतं की ही शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही. ते नीट समजावून सांगायला तासभर लागला असता, तीन माणसांच्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं. शस्त्रक्रिया करणं सोपं होतं. मी पाच फूट काळं आतडं काढलं. आजी अकरा दिवस जगल्या, त्यातले नऊ व्हेंटिलेटरवर. मधे दोन दिवस नळी काढली होती तेव्हा मला म्हणाल्या, "बाई, घरी कधी?" मी म्हटलं, "लवकरच."

या केसबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही. मुलांनी जाताना पाया पडून आभार मानले. कुठल्याही ऑडिटमध्ये ती चूक ठरणार नाही, शस्त्रक्रियेचं तंत्र अचूक होतं. तरीही ती केस पित्ताच्या नळीपेक्षा मला जड जाते. तिच्यामुळे माझ्यात एक बदल झाला. मी आता अशा वेळी नातेवाइकांना ओटीच्या दाराशी उभं ठेवून बोलत नाही. केबिनमध्ये बसवते, चहा सांगते, आणि पहिला प्रश्न विचारते, "आजींना स्वतःला काय हवं असेल?" बहुतेक वेळा घरातल्या सुनेला किंवा नातीला उत्तर माहीत असतं. ती दाराजवळ उभी असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

आणि टोचणी ती खरी, ज्यात डाव्या बाजूला सगळं लिहिलेलं होतं आणि तरी आपण केलं नाही. तिच्यावर एकच उपाय मला सापडला आहे, तो पुढे सांगते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "मी सर्जन व्हायला नको होतं." याकडे जरा थांबून बघा. "मी त्या वेळी थांबायला हवं होतं" हे वाक्य एका कृतीबद्दल आहे, त्यावर काम करता येतं. "मी सर्जन व्हायला नको होतं" हे संपूर्ण माणसाबद्दल आहे, त्याचं काहीच करता येत नाही. ते फक्त पोखरतं. आपण सगळे दुसऱ्या वाक्याकडे फार लवकर घसरतो. अमेरिकेत टेट शानाफेल्ट यांनी ७,९०५ सर्जन्सची पाहणी केली, ती २०१० मध्ये छापून आली. जवळजवळ नऊ टक्के सर्जन्सनी मागच्या तीन महिन्यांत हातून मोठी चूक झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी तिचं खापर व्यवस्थेवर नव्हे, स्वतःवर फोडलं. जबाबदारी घेणं हा आपला गुण आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण रात्री दोनला, सलग तिसऱ्या इमर्जन्सीत, असिस्टंट नसताना, जुन्या कॅमेऱ्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा सगळा दोष एकट्यावर घेतला तर पुढच्या वेळीही तोच कॅमेरा आणि तीच झोप असणार.

सीनियर बोलत नाहीत म्हणता, ते खरं आहे. आम्हाला कुणी बोलायला शिकवलंच नाही. मी रेसिडेंट असताना आमच्या विभागात दर महिन्याला मॉर्टॅलिटी मीट व्हायची, आणि तिचा अर्थ एवढाच होता की ज्या रेसिडेंटच्या ड्यूटीत मृत्यू झाला त्यानं उभं राहून सगळ्यांची बोलणी खायची. एकदा मात्र आमच्या युनिटचे सर माझं प्रेझेंटेशन मधेच थांबवून उठले आणि म्हणाले, "ही मुलगी मला रात्री अकराला फोन करून बोलावत होती. मी सकाळी बघू म्हटलं. पुढचे प्रश्न मला विचारा." सभागृहात शांतता पसरली. मला त्या दिवशी सर्जरीतली जेवढी गोष्ट कळली तेवढी पुस्तकांतून कळली नव्हती.

असं करणारा पहिला माणूस बॉस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. आपण शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते बघायचं आणि नसेल बरं झालं तर का नाही ते लिहायचं, एवढाच त्याचा आग्रह होता. मोठ्या रुग्णालयानं ऐकलं नाही म्हणून त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांची माहिती छापून प्रसिद्ध केली. त्यात स्वतःच्या रुग्णालयातल्या १२३ चुका त्यानं नोंदवल्या होत्या. त्याच्या सहकाऱ्यांना हा माणूस नकोसा झाला होता. माझ्या वहीत आज चौसष्ट केसेस आहेत, नावांशिवाय. लिहायला बसताना मला त्याची आठवण येते.

तालुक्याच्या गावी मॉर्टॅलिटी मीट कुठून आणायची? आम्ही शेजारच्या तालुक्यांतले चार सर्जन आणि दोन भूलतज्ज्ञ महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. पोहे खाऊन होईपर्यंत गप्पा, मग फक्त बिघडलेल्या केसेस. मोबाइल बाहेर. एकच नियम आहे: पहिला प्रश्न "असं का केलंस?" हा विचारायचा नाही. "तेव्हा तुला काय दिसत होतं?" हा विचारायचा. सुरुवातीला दोन महिने सगळ्यांनी दुसऱ्यांकडून बिघडून आलेल्या केसेसच सांगितल्या. तिसऱ्या महिन्यात आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची एक केस सांगितली. त्यांच्या बायकोलाही ती माहीत नव्हती, ती स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. त्यानंतर सगळे बोलायला लागले. तुमच्या भागात असा गट नसेल तर दोघांनी सुरू करा.

आता कायद्याबद्दल, कारण आपण गप्प बसतो त्यामागे मोठं कारण तेच असतं. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलंय की निर्णय चुकला किंवा अपघात घडला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असं होत नाही, आणि डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा फार मोठ्या स्वरूपाचा असावा लागतो. ग्राहक कायद्याखाली दावा होऊ शकतो, त्यासाठी विमा असतो. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तरी जमाव दारात आला की कायद्याचं पुस्तक हातात धरून उभं राहता येत नाही, हे मी जाणते. एवढं मात्र अनुभवानं सांगते: केसपेपर त्याच दिवशी, वेळ घालून, जे घडलं तसं लिहा. नंतर एक शब्दही खोडू नका. आणि नातेवाइकांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी तुम्ही सांगा.

मी सांगितलं ते असं. पुण्यात एमआरसीपीचा रिपोर्ट आला तेव्हा त्या अंगणवाडीच्या बाईंचे यजमान तिथेच कॉरिडॉरमध्ये थर्मास घेऊन उभे होते. आदल्या दिवशी रुग्णवाहिकेत मी बरोबर गेले होते, त्यामुळे मीही तिथेच होते. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "पित्ताची मुख्य नळी कापली गेली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी, माझ्याकडून. आणि परवा सकाळीच मला शंका यायला हवी होती." वाक्यं मी रात्रभर घोकली होती, कारण "नळीला इजा झालेली आहे" असं कर्ता नसलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग आता तिला चहा द्यायचा का नाही?"

मी सांगितलं, आज नको.

नंतर ते माझ्यावर चिडले. दोन दिवसांनी, त्यांच्या मेव्हण्यासमोर, मोठ्यानं. मी ऐकून घेतलं. माझ्याकडचं बिल मी घेतलंच नव्हतं, पण पुण्याचा खर्च त्यांना सोसावा लागला, त्यासाठी त्यांनी दोन म्हशी विकल्या. त्यातला काही भाग मी उचलला, सगळा उचलला नाही. हेही माझ्या वहीत आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिथल्या सर्जनना विचारून मी ओटीत उभी राहिले. माझ्याच क्लिपा त्यांनी काढून ट्रेमध्ये टाकल्या, त्यांचा बारीक आवाज झाला. कुणी मला काही बोललं नाही. जायला पाय उचलत नव्हता, पण तिथे गेले ते बरं झालं. त्या दिवसानंतर रात्रीचा सिनेमा पुष्कळ कमी झाला. मनात चाललेल्या शस्त्रक्रियेला शेवट नव्हता, डोळ्यांनी बघितलेल्या शस्त्रक्रियेला तो मिळाला.

टोचणीवरचा जो उपाय म्हटलं तो हा. ज्या खाटेपाशी पाय अडखळतो, तिथे आधी जायचं. स्वतःकडे नीट बघितलंत तर दिसेल की गुंतागुंत झालेल्या रुग्णाजवळ आपण राऊंडला सर्वांत कमी वेळ थांबतो. चार्ट बघतो, ड्रेन बघतो, चेहरा बघत नाही. सिस्टरना सूचना देतो आणि पुढे सरकतो. हे जाणूनबुजून कुणी करत नाही, पाय आपोआप वळतात. २००९ पासून माझ्या रुग्णालयात राऊंड त्याच खाटेपासून सुरू होतो. सकाळी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी एकदा. तिथे मी स्टूल ओढून बसते. आमच्या वॉर्डातल्या मामा-मावशींनाही आता माहीत झालंय, मी यायच्या आधी स्टूल तिथे ठेवलेलं असतं. जी चूक झाली ती त्यानं पुसली जात नाही. पण तसे चोवीस तास पुन्हा वाया गेलेले नाहीत.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: तुमच्या रुग्णाला तुम्ही शेवटचं कधी भेटलात? पत्रात तुम्ही शस्त्रक्रियेबद्दल दीड पान लिहिलंय, रुग्ण आता कसे आहेत त्याबद्दल एक ओळ. फोन करा. फोन उचलला नाही तर पुन्हा करा. त्यांनी बोलायला नकार दिला तर तो त्यांचा अधिकार आहे, तिथे थांबा.

दुसरं, रेकॉर्डिंग. असेल तर एकट्यानं बघू नका, आणि रात्री तर मुळीच नाही. ज्याच्या हाताखाली शिकलात त्या माणसाला घेऊन बघा आणि प्रत्येक ठिकाणी चित्र थांबवून आधी डावी बाजू बोला.

तिसरं, ओटीत परत जाणं. तीन महिने झालेत, आणखी लांबवू नका, माझे दोन महिने मला फार महाग पडले. पहिली चार-पाच पित्ताशयं सीनियरला सोबत घेऊन करा. व्हिजिटिंग फी खिशातून गेली तरी जाऊ द्या. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी सांगितलेल्या तीन अटी तुम्हाला तोंडपाठ असतील: त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसायला हव्यात. या तिन्ही मोठ्यानं बोला, समोरचा हो म्हणेपर्यंत क्लिप मागू नका. दिसत नसेल तर अर्धवट पित्ताशय काढून बाहेर येणं ही हार नाही. दोन महिन्यांनंतर मी पहिली केली ती तशीच केली, रात्री दीडला, पू भरलेलं पित्ताशय घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची. पुढे पाठवायला वेळच नव्हता. पोट उघडलं, निम्मं पित्ताशय ठेवलं, ड्रेन टाकला. ते सातव्या दिवशी चालत घरी गेले.

आणि एक बदल रुग्णालयातच केला. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सुरक्षा-यादी आम्ही चीर घेण्याआधी वाचतो. तिच्या शेवटी मी एक ओळ जोडली आहे: "थांबा कोण म्हणणार?" आमच्याकडे तो अधिकार भूलतज्ज्ञांचा आहे. त्यांनी ओपन म्हटलं की ओपन. पाच मिनिटं मागायची नाहीत. एका सर्जनमित्रानं मला विचारलं होतं, हा तुझा अपमान वाटत नाही का? उलट मला त्यानं मोकळं वाटतं. दुर्बिणीत डोळे खुपसलेल्या माणसाला आपण फसतोय हे कळत नसतं, दुसऱ्या कुणाला तरी ते कळायला हवं.

शेवटची गोष्ट लिहिताना मी जरा काळजीत आहे. तुम्ही झोपेच्या गोळ्यांचा उल्लेख केलाय आणि "कधी कधी वाटतं सगळंच थांबावं" असं लिहिलंय. ते वाक्य मी सोडून देणार नाही. शानाफेल्ट यांच्याच २०११ च्या अभ्यासात ६.३ टक्के सर्जन्सनी वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या फक्त २६ टक्क्यांनी मदत घेतली. बाकीच्यांपैकी पुष्कळांना परवान्याची भीती वाटत होती. २०२२ मध्ये राजस्थानात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं रुग्ण गेल्यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांनी जीव दिला. मी त्यांना ओळखत नव्हते, पण त्या दिवशी आमच्या गटातल्या प्रत्येकानं दुसऱ्याला फोन केला. चूक झालेल्या डॉक्टरलाही आघात होतो, हे अल्बर्ट वू यांनी २०००मध्ये लिहिलं आणि त्याला "दुसरा बळी" असं नाव दिलं. मला ते नाव पूर्ण पटत नाही, बळी म्हणायचं तर ती खाटेवरची बाई आहे. पण आघात खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. मी स्वतः आठ महिने एका मनोविकारतज्ज्ञांकडे जात होते, तीस किलोमीटर दूर, गावात कळू नये म्हणून. आज गेले असते तर गावातच गेले असते. या आठवड्यात वेळ घ्या. रात्री अवघड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. घरातल्या एका माणसाला हे सगळं सांगून ठेवा, आज.

त्या बाई दर दिवाळीच्या आधी माझ्याकडे येतात. नळी जोडलेली जागा वर्षांनंतरही आक्रसू शकते, म्हणून यकृताच्या तपासण्या दरवर्षी करायच्या असं ठरलंय. रिपोर्ट आणि चकल्यांचा डबा त्या एकदमच टेबलावर ठेवतात, आणि मी आधी रिपोर्टच उघडते हे त्यांना आता ठाऊक आहे. यंदा बिलिरुबिन नॉर्मल आहे, पण पित्त अडायला लागलं की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज थोडं चढलेलं दिसतंय. त्या म्हणाल्या, "बाई, तोंड का उतरलं तुमचं?" मी त्यांना आकडा दाखवला, त्याचा अर्थ काय होऊ शकतो ते सांगितलं. येत्या गुरुवारी पुण्याला एमआरसीपीची वेळ घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे.